‘क्लो’ या एककातील वजाबाकी

वस्त्राची ऊब हा मूलतः स्पर्शाचा विषय. तिला अंकाचे रूप देणे सोपे नव्हते. १९४१ मध्ये गॅगी, बर्टन व बॅझेट या संशोधकांनी ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात ‘क्लो’ हे एकक सुचविले. सुमारे २१ अंश सेल्सिअस तपमानाच्या, जवळजवळ निवांत हवेच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या मनुष्यास ज्या वस्त्रांत सुखावह वाटते, त्या वस्त्रांचा उष्णतारोध म्हणजे एक क्लो. व्याख्या घरगुती दिसते; तीमागील गणित मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे.

स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरातून दर चौरस मीटरमागे ताशी सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तीपैकी जवळजवळ एक चतुर्थांश त्वचा व श्वास यांवाटे होणाऱ्या बाष्पीभवनाने जाते, असे धरून तेवढा भाग आरंभीच वजा करण्यात आला. उरलेल्या ३८ किलोकॅलरी वस्त्रांतून व त्यांभोवतीच्या हवेतून जावयाच्या. त्वचा ३३ अंशांवर, हवा २१ अंशांवर; म्हणून एकूण रोध १२ भागिले ३८, अर्थात ०.३२. त्यातून हवेच्या थराचा ०.१४ वगळला की ०.१८ उरतो. हाच क्लो.

निवांत बसलेल्या मनुष्यापुरती ही वजाबाकी निर्दोष होय. ओझे घेऊन चालणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत मात्र ती घातक ठरू शकते; कारण तेथे शरीर थंड राखण्याचे मुख्य साधन घामाचे बाष्पीभवन हेच असते. एक साधे सुती व दुसरे रबराचा थर दिलेले, अशी सारख्याच क्लो-मूल्याची दोन वस्त्रे कोष्टकात शेजारी बसतात. पहिल्यातून बाष्प निघून जाते. दुसऱ्यात मनुष्य उष्माघाताच्या सीमेवर येतो.

१९४६ मध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील पिअर्स व रीस यांनी मांडलेले ‘टॉग’ हे लहान एककही उष्णतेपुरतेच होते. (एक क्लो म्हणजे १.५५ टॉग. ‘क्लो’ हा कपड्यांच्या इंग्रजी नावाचाच तुकडा; ‘टॉग’ हा चोरट्यांच्या बोलीतून आलेला असून त्याचे मूळ लॅटिन ‘टोगा’पर्यंत जाते.)

वजा केलेला भाग हिशेबात परत आणला तो वुडकॉक यांनी, १९६२ मध्ये. अमेरिकन सैन्याच्या नेटिक येथील संशोधनकेंद्रात त्यांनी वस्त्रातील बाष्पवहन त्याच्या उष्णतारोधाशी तोलून पारगम्यतेचा निर्देशांक काढला. बाष्प मुळीच न सोडणाऱ्या आवरणास शून्य. वेगाने वाहत्या हवेतील ओल्या गोळ्याच्या तपमापकास एक. या निर्देशांकाला क्लो-मूल्याने भागले, की त्या वस्त्रातून घामावाटे किती उष्णता जाऊ शकेल याचा अंदाज येतो.

१९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानक ११०९२ मध्ये बाष्परोधाचे मापन स्वतंत्र झाले. त्यासाठी घाम गाळणारी सच्छिद्र पट्टिका ३५ अंशांवर ठेवतात व हवाही ३५ अंशांवरच. त्यामुळे कोरडी उष्णता वाहतच नाही. पट्टिकेवरील पातळ पडदा बाष्प सोडतो, पाणी मात्र कापडास लागू देत नाही.