संस्थानी मोटारखाना आणि उन्हाळ्याचे तेल

इ. स. १९०८ साली मुंबई आणि कोल्हापूर यांच्या दरम्यान, सह्याद्रीचे घाट चढत-उतरत, मोटारींची जी सुमारे ६२० मैलांची कसोटी घेण्यात आली, तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट यशस्वी ठरली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांच्या मोटारखान्यात दाखल झाली. संस्थानिकांच्या अशा मोटारींविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात चांदीचे दिवे, हस्तिदंती मुठी आणि मखमली बैठका यांचे वर्णन विपुल आहे. परंतु इंग्लंडच्या थंड हवेत घडलेले ते यंत्र ग्वाल्हेरच्या वैशाखात, छायेतही पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना, कोणत्या तेलावर टिकून राहिले, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. वस्तुतः उष्ण प्रदेशातील मोटारीसाठी तेल निवडण्याचा जो व्यवहार आज रूढ आहे, त्याचे अनेक संकेत याच काळात ठरले, आणि त्यांतील काही संकेत त्यांची कारणे नाहीशी झाल्यावरही आपल्यात टिकून आहेत.

वंगणाचे ज्ञान या देशाला मोटारीने आणून दिले असे मात्र नव्हे. बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण घालण्याची रीत मोटारीच्या फार आधीची होती, आणि १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागल्यानंतरच्या दशकांत इथल्या रेल्वेनेही दिव्यांसाठी आणि वंगणासाठी एरंडेलाचा उपयोग केला. एरंडेलाची योग्यता निर्विवाद होती. धातूला ते घट्ट धरून राहते, पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही, आणि शंभर अंश उष्णतेतही त्याची श्यानता, म्हणजे प्रवाहाला विरोध करण्याची शक्ती, आजच्या परिभाषेत ‘५०’ क्रमांकाच्या तेलाच्या तोडीची राहते. म्हणूनच पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांनी त्यालाच पसंती दिली. परंतु उष्णता आणि हवा यांच्या दीर्घ संयोगाने ते चिकट होऊन राळेसारखे घट्ट बसते. विमानाचे इंजिन थोड्या तासांनी उलगडून स्वच्छ केले जात असे, त्यामुळे तिथे हा दोष चालून गेला. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या आणि दसऱ्याच्या दिवशी एकाएकी बाहेर काढल्या जाणाऱ्या राजमोटारीला तो परवडण्यासारखा नव्हता.

त्यामुळे बाजार खनिज तेलाच्या हाती गेला. १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात ड्रेकने विहीर खणल्यापासून जे तेल जगभर पसरले, ते स्वस्त होते, राळ धरण्यात एरंडेलाहून मंद होते आणि हव्या त्या जाडीचे काढता येत होते. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या इंग्लिश पेढीने १९०९ साली खनिज तेलात थोडे एरंडेल मिसळून दोहोंचे गुण साधण्याचा जो प्रयत्न केला, त्यातून ‘कॅस्ट्रॉल’ निर्माण झाले. पुढच्याच वर्षापासून या पेढीची वंगणे हिंदुस्थानात आयात होऊ लागली. परंतु खनिज तेलाचा एक दोष त्या काळी निवारता येत नव्हता, तो असा की तापताच ते झपाट्याने पातळ होत असे. हिंदुस्थानातील मोटारखान्यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या व्यवहाराचे मूळ या एका दोषात आहे.

आरंभीच्या इंजिनांची घडणही लक्षात घेतली पाहिजे. सिल्व्हर घोस्टच्या क्रँकशाफ्टला पंपाने दाबून तेल पोहोचविण्याची व्यवस्था रॉईस यांनी केली होती आणि ती त्या काळाच्या मानाने प्रगत होती. परंतु अनेक मोटारींत तेल केवळ उसळून जिथे पोहोचेल तिथे पोहोचत असे. पाण्याचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट बहुधा नसे, तेलाची गाळणी १९२३ नंतर हळूहळू आली, आणि कच्च्या रस्त्यांवरची धूळ थेट इंजिनात शिरून तेलाशी मिसळत असे व बेअरिंगला कानशीप्रमाणे घासत असे. अशा यंत्रात बाहेरच्या हवेचा चढउतार तेलापर्यंत थेट पोहोचत होता, म्हणून उन्हाळ्यात ‘४०’ किंवा ‘५०’ क्रमांकाचे दाट तेल आणि हिवाळ्यात ‘३०’ क्रमांकाचे पातळ तेल, अशी दोन ऋतूंची दोन तेले ठेवणे हा शहाणपणाचाच मार्ग होता.

त्यात संस्थानी मोटारीचे भोग सामान्य मोटारीहून निराळे होते. दरबारच्या मिरवणुकीत ती हत्ती-घोड्यांच्या मागून माणसाच्या चालीने चाले. इंजिन मंद फिरत असल्यामुळे पंखा वारा घालीत नसे आणि पंपही तेलाला पुरेसा दाब देत नसे. पाणी उकळे, तेल पातळ होई, आणि बेअरिंगवरील पांढऱ्या धातूचे अस्तर, तेलाचा पापुद्रा तुटताच, वितळून जाई. मालकाचा सन्मान जितका मोठा तितकी गाडीची गती मंद, आणि गती जितकी मंद तितका इंजिनाचा छळ अधिक, असा हा विचित्र योग होता. उलटपक्षी तीच मोटार शिकारीसाठी पौषातल्या पहाटे हँडल मारून सुरू करायची झाल्यास उन्हाळ्याचे दाट तेल शत्रूसमान ठरे, कारण ते बेअरिंगपर्यंत पोहोचेतो धातू धातूवर घासला जाई.

या व्यवहारामागचे शास्त्र प्रयोगशाळेत याआधीच आकार घेत होते. ब्यूचँप टॉवर यांनी १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना पाहिले की, फिरत्या आसाभोवती तेल आपणहून इतका दाब निर्माण करते की भोकात ठोकलेली खुंटी बाहेर फेकली जाते. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती उपपत्ती दिली आणि सिद्ध केले की भार तोलते ती तेलाची पातळ चादर, आणि ती चादर श्यानता व गती या दोहोंच्या गुणाकारावर टिकते. गती घटली तर श्यानता वाढवावी, हे मोटारखान्यातील उस्तादाचे अनुभवजन्य ज्ञान याच सूत्रात बसते. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस. ए. ई. ने, १९११ साली तेलांचे वर्गीकरण केले, आणि १९२९ साली डीन व डेव्हिस यांनी, तापल्यावर तेल किती पातळ होते हे मोजणारा श्यानता-निर्देशांक मांडून पेन्सिल्व्हेनियाच्या तेलाला शंभर व अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील तेलाला शून्य गुण दिले. उष्ण प्रदेशाला खरे महत्त्व होते ते या दुसऱ्या मापाचे. परंतु डब्यावर ठळक छापला जाई तो पहिलाच क्रमांक, आणि लोकांनी तेवढाच लक्षात ठेवला.

पुढे सुमारे दोन दशकांच्या अवधीत दोन क्रांत्या घडल्या. तेलात दीर्घ रेणूंची द्रव्ये मिसळून ते थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राखण्याची युक्ती १९५० नंतर बाजारात आली. ‘२०-डब्ल्यू-५०’ यासारख्या जोडक्रमांकाने एकाच डब्यात दोन्ही ऋतू सामावले. इकडे तुर्भ्यास स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि मोटारखाने एकेक करून रिकामे झाले. परंतु ‘आपल्या उन्हाळ्याला दाट तेलच हवे’ हे वचन मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे आणि शागिर्दाकडून गॅरेजवाल्याकडे जसेच्या तसे चालत आले.

आजच्या आलिशान मोटारीला ते वचन लावणे अन्यायाचे आहे. तिच्या इंजिनातील फटी अत्यंत सूक्ष्म असतात, थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान राखतो, पुष्कळ गाड्यांत तेलासाठी स्वतंत्र शीतक असतो, आणि दाट तेल घातल्यास ते सूक्ष्म मार्गांतून वेळेवर पोहोचत नाही. उन्हाळ्याचा खरा उपद्रव आता दाटपणात नसून तेलाच्या आयुष्यात आहे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले असता तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय वाहनांच्या गर्दीत तासन्‌तास रखडणारी मोटार पुन्हा मिरवणुकीच्याच चालीने चालते. म्हणून उष्ण प्रदेशातील मोटारमालकाने निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेला क्रमांक आणि दर्जा काटेकोरपणे पाळावा, पुस्तिकेने उष्ण हवेसाठी पर्याय दिला असेल तरच तो घ्यावा, आणि तेल बदलण्याची मुदत उन्हाळ्यात व गर्दीच्या शहरात थोडी अलीकडे आणावी. एखाद्याच्या घरी आजोबांच्या काळची जुनी गाडी अजून उभी असेल, तर तिला मात्र जुना उस्तादच योग्य सल्ला देईल. नव्या गाडीला त्याचा नियम लावू नये.