तळटीप ३ : रंध्रे पडलेली तबकडी

३. सावलीच्या (जि. चंद्रपूर, मूल–गडचिरोली मार्गावरील तालुक्याचे ठिकाण) झाडीपट्टी नाटकांच्या ज्या तबकड्यांचा येथे उल्लेख आहे, त्या व्हीसीडी (१९९३ साली ठरलेले प्रमाण, व्यास १२ सें.मी.) असून, त्यांचा ॲल्युमिनियमचा परावर्तक थर नावाच्या बाजूस केवळ रोगणाच्या पातळ लेपाने रक्षिलेला असल्यामुळे, तेथे ओरखडा पडून पावसाळी दमटपणा आत शिरल्यास धातूचा क्षय होतो. दिव्यासमोर धरलेल्या तबकडीतून टाचणीच्या अग्राएवढे प्रकाशबिंदू दिसणे, अथवा कडेकडून थर निस्तेज होत जाणे, ही त्याची लक्षणे होत. तथापि एखाददुसरे रंध्र निर्मितीपासूनचेही असू शकते, यास्तव त्यांची संख्या कालांतराने वाढते किंवा कसे, हे पाहिल्यावाचून तबकडी बाद ठरविणे युक्त नव्हे. — संपादक