पाळण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया व तहनामे आठवतात. परंतु घरोघरच्या पाळण्यालाही इतिहास असतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या प्रांतात माता व अर्भके यांच्यासाठी जे काम झाले, त्याचे स्मरण येथे करावयाचे आहे.

मुंबईत १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६५० हून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. हा आकडा मात्र पारखून घेतला पाहिजे. गिरणगावातील पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर जात. त्यामुळे जन्माची नोंद मुंबईत होत नसे. मूल घेऊन परतल्यावर ते दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. एवढी सूट देऊनही परिस्थिती भयंकरच होती. एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबे, दिवसभर गिरणीत राबणारी आई आणि मूल निजून राहावे म्हणून दिली जाणारी अफूची बाळगोळी! डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास केलेल्या पाहणीत, कामकरी स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले.

दोष केवळ दारिद्र्याचा नव्हता. सुखवस्तू घरांतही विटाळाच्या समजुतीने बाळंतिणीस अंधारी, कोंदट खोली व जुनेरे मिळत. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन कित्येक बालके दगावत. सुईणीस दोष देणे सोपे होते. परंतु तिला स्वच्छ कापड व उकळलेले पाणी न देणारे आपणच होतो.

या अज्ञानाशी झुंज दिली ती बालसंगोपन केंद्रांनी. तेथे मुलांचे वजन घेत, त्यांना स्नान घालीत, दूध देत आणि मातांना चार गोष्टी समजावून सांगत. परळ येथे १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. १९२९ सालीच मुंबई प्रांतात प्रसूतिविषयक लाभाचा कायदा झाला. त्याचे विधेयक आसवले यांनी विधिमंडळात मांडले होते व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्यास जोरदार पाठिंबा दिला होता.

तथापि इमारत व कायदा आपण होऊन कोणाच्या चाळीचा जिना चढत नाहीत. तो चढल्या त्या परिचारिका. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास पाठविले. त्यांत विधवा भगिनीही होत्या. ज्यांना मंगलकार्यात पुढे येऊ दिले जात नसे, त्यांच्याच हातून नवजात बालकाचे पहिले स्नान होऊ लागले! समाजसुधारणेची यापेक्षा शांत क्रांती क्वचितच झाली असेल.

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत देणगीदारांची नावे छापली जातात, ती छापावीतच. परंतु या स्त्रियांची नावे कोठे आहेत? प्रत्येक कुटुंबातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या घरच्या सुईणींची व परिचारिकांची नावे लिहून घ्यावीत आणि पुढील अंकासाठी कार्यकारी मंडळाकडे पाठवावीत, ही नम्र विनंती. ज्यांनी आपल्या आजोबांना व वडिलांना पहिला श्वास घेताना हाती धरले, त्यांचे ऋण निदान अक्षरांत तरी नोंदले जावे.