काटा : होकायंत्रापासून संगणकाच्या पेटीपर्यंत

‘काटा’ हा शब्द आपल्या सीमेवरच्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मराठीत काटा, गुजरातीत कांटो. घड्याळाचा काटा, सोनाराचा काटा, मालाची गाडी तोलायचा काटा आणि बाभळीखालून चालताना पायात मोडणारा काटा, सगळे एकाच शब्दात नांदतात. या लेखात मला सांगायची आहे ती पॅनेलवरच्या मीटरच्या काट्याची हकिकत. माझे निम्मे आयुष्य सुरत-हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरला, असे काटे वाचण्यात गेले. खानदेशातून नवा आलेला माणूस ‘इच्छापोर’ हे एखाद्या मुलाचे नाव समजतो. पण आपल्याकडे गावांच्या नावांत ‘पूर’ येतो तसा दक्षिण गुजरातेत ‘पोर’ येतो, एवढेच.

या काट्याचा पूर्वज सुरतेला फार जुना. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली ज्या सुरतेवर स्वारी केली, ते मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. हजची जहाजे इथून सुटत, म्हणून त्याला मक्केचा दरवाजा म्हणत. भर समुद्रात खलाशाला दिशा सांगे ती होकायंत्रातली सुई. तिला एकच प्रश्न विचारता येई, उत्तर कुठे? आणि ती एकच उत्तर देई.

हे मौन १८२० साली मोडले. कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियन ओर्स्टेडला दिसले की वीज वाहणारी तार जवळ आणली की होकायंत्राची सुई आपली जागा सोडते. त्याच वर्षी जर्मनीत श्वाइगरने तारेचे अनेक वेढे दिले आणि हा परिणाम कितीतरी पटींनी वाढवला. दिशा सांगणारी सुई आता विजेचे बळ सांगू लागली. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली, तेव्हा पलीकडे पोचणारा प्रवाह इतका क्षीण होता की विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी सुईच्या जागी चिमुकला आरसा टांगून त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका वाचला. १८७० साली मुंबईही एडन-सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

आजच्या मीटरचा जन्म मात्र त्यानंतरचा. १८८२ च्या सुमारास फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांनी रचना उलटी केली : चुंबक जागच्या जागी, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये तारेची हलकी गुंडाळी फिरती. १८८८ साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी तिला बारीक स्प्रिंगा आणि कायमचे चुंबक देऊन कारखान्याच्या भिंतीवर टिकेल असे मीटर बाजारात आणले. गुंडाळीतून वीज वाहिली की ती फिरू पाहते, स्प्रिंग तिला मागे ओढते, दोघांची ओढाताण जिथे समसमान होते तिथे काटा थांबतो. वीज दुप्पट, तर काट्याचे सरकणेही दुप्पट.

आमच्या पट्ट्यात हे काटे थव्याने आले ते १९८० नंतर. हजिऱ्याला गॅस उतरला, कृभकोचा खत कारखाना उभा राहिला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कवासचे वीजकेंद्र आले. कंट्रोल रूमच्या भिंतीवर मीटरांच्या रांगा असत. दर तासाला लॉगशीट भरायचे, पण खरे वाचन दारातूनच होई. मुरलेला ऑपरेटर चहाचा कप हातात घेऊन आत शिरता शिरता भिंतीवरून एक नजर फिरवी आणि नेमका तोच काटा हेरी जो रोजच्या जागी नाही. आकडा अठ्ठावन्न की एकोणसाठ, हे काटा चटकन सांगत नाही. पण चढतो आहे की उतरतो आहे, सावकाश की घाईने, स्थिर आहे की थरथरतो आहे, हे तो दहा फुटांवरून सांगतो. पंपात हवा शिरली की मोटारीच्या अँमीटरचा काटा आधी थरथरू लागतो. आवाज मागाहून बदलतो.

आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणकक्षातल्या मंडळींनाही हे ठाऊक आहे. आवाजाची पातळी दाखवणारे व्ही.यू. मीटर अमेरिकेत १९३९ साली प्रमाण ठरले, तेव्हा त्याचा काटा मुद्दाम आळशी ठेवला गेला. सुमारे तीन दशांश सेकंद घेऊन तो जागेवर पोचतो. क्षणभराच्या ठिणगीला तो भुलत नाही.

१९७५ साली अमेरिकेत हनिवेल आणि जपानमध्ये योकोगावा यांनी कारखान्याचे नियंत्रण संगणकांवर विभागून देणाऱ्या यंत्रणा आणल्या. ती लाट यथावकाश आमच्याकडेही पोचली. भिंती रिकाम्या झाल्या, पडदे आले. उतरवलेले मीटर भंगारात वजनावर गेले. इथे तांबे, तिथे पितळ, उरलेले पत्रा.

अशाच ढिगातला एक मीटर माझ्या भाच्याने उचलला आणि संगणकाच्या पेटीच्या दर्शनी पत्र्यात बसवला. पहिली परीक्षा मीटरच्या जातीची. मोटारीच्या पॅनेलवरचे अँमीटर बहुधा फिरत्या लोखंडाचे असते, पाच अँपिअरवर चालते; संगणक त्याला पुरा पडत नाही. त्याने निवडले ते वेस्टनच्या जातीचे, एक मिलिअँपिअरला पूर्ण पल्ला गाठणारे. पाच व्होल्टला गुंडाळीसह पाच हजार ओहम रोध झाला की हिशेब जुळला. एक छोटी चिप दर सेकंदाला संगणकाला विचारते की प्रोसेसर किती टक्के वेळ कामात होता, आणि तितक्या प्रमाणात वीज भराभर चालू-बंद करते. त्या ठिणग्या काट्याला दिसत नाहीत. त्याचा जडपणाच त्यांची सरासरी काढतो. जुन्या अँपिअरच्या तबकडीवर त्याने शून्य ते शंभरचा कागद चिकटवला.

ही हौस एकट्या इच्छापोरची नव्हे. १९९५ साली बी कंपनीने ‘बीबॉक्स’ संगणक काढला, त्याच्या दर्शनी भागावर दोन प्रोसेसरांचा भार दाखवणाऱ्या दिव्यांच्या दोन माळा होत्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला ‘टिफ्रॅक’ तर २,७०० निर्वात नळ्यांचा. तो काम करतो आहे हे त्याच्या उष्णतेवरूनही जाणवत असणार. आजची पेटी आत कितीही राबली तरी बाहेरून दगड. काटा लावला की तिचे श्वास दिसू लागतात.

भाच्याने मला विचारले, “मामा, ऐंशीवर ही तांबडी रेघ कशाला?” मूळ तबकडीची रेघ त्याने नव्या कागदावर हौसेने उतरवून घेतली होती. मी सांगितले, ती मोटारीची मर्यादा. तिच्या पलीकडे काटा क्षणभर गेला तर मोटार चालू होते आहे असे समजायचे, तिथेच राहिला तर धावायचे. तो हसला, आणि म्हणाला की संगणकाचेही तेच.

मीटर नामशेष झालेले नाहीत. १९८२ साली स्थापन झालेली नाशिकची रिषभ इन्स्ट्रुमेंट्स काट्याचे मीटर अजून बनवते. जाते आहे ते वाचणाऱ्याचे ज्ञान. उधना, लिंबायत, नवापूर, नंदुरबार इथल्या कित्येक घरांत बॉयलर, सबस्टेशन, साखर कारखाना सांभाळलेली निवृत्त माणसे आहेत. त्यांनी भरलेली लॉगशीटे रद्दीत गेली आणि त्यांत फक्त आकडे होते. काटा कसा थरथरला म्हणजे काय समजायचे, हे कुठल्याही रकान्यात लिहिलेले नव्हते. घरातल्या पोरांनी मीटर भंगारातून जरूर उचलावा. त्याचबरोबर एखाद्या संध्याकाळी आजोबांजवळ बसून तेही विचारून घ्यावे, मराठीत किंवा गुजरातीत, आणि वहीत उतरवून ठेवावे.