ॲलन ट्युरिंग
ॲलन मॅथिसन ट्युरिंग (२३ जून, इ.स. १९१२ - ७ जून, इ.स. १९५४) हे ब्रिटिश गणितज्ञ, सांकेतिक लिपींचे तज्ज्ञ व संगणकशास्त्राचे प्रवर्तक होते. त्यांचा जन्म लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते.

इ.स. १९३६ मधील शोधनिबंधात त्यांनी सूचनांनुसार गणनक्रिया करणाऱ्या काल्पनिक यंत्राची संकल्पना मांडली. ते पुढे 'ट्युरिंग यंत्र' म्हणून ओळखले गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्यांनी जर्मन नौदलाच्या 'एनिग्मा' संदेशांची उकल करणाऱ्या विभागाचे नेतृत्व केले. पोलिश गणितज्ञांच्या पूर्वकार्याच्या आधारे त्यांनी 'बॉम्ब' नावाच्या विद्युत-यांत्रिक यंत्राचा आराखडा तयार केला. उकललेल्या संदेशांमुळे अटलांटिक महासागरातील मालवाहू जहाजांचे ताफे पाणबुड्यांच्या मार्गातून वळवता येत. हे कार्य गोपनीय असल्याने त्यांच्या हयातीत जनतेस ज्ञात झाले नाही.

समलैंगिक संबंधांमुळे इ.स. १९५२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. तुरुंगवासाऐवजी त्यांनी संप्रेरक उपचार स्वीकारले. दोन वर्षांनी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत चौकशीत ती आत्महत्या ठरविण्यात आली. इ.स. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली व इ.स. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा मिळाली. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार इ.स. १९६६ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.