चिखलात धोंडा आला कसा?

चांद्यात भूगर्भशास्त्र शिकवताना मी मुलांच्या हातात आधी पट्टी द्यायचो. 1922 साली भूवैज्ञानिक वेंटवर्थने ठरवून दिलेली मापं आजही चालतात: 2 मिलिमीटरच्या आत वाळू आणि तिच्याहून बारीक गाळ, पुढे 64 पर्यंत बारीकमोठे खडे, 256 पर्यंत गोटे, त्याहून मोठे ते धोंडे. असे तुकडे जुळून झालेल्या खडकात त्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असल्या तर पिंडाश्म, टोकदार राहिल्या असल्या तर कोणाश्म. परीक्षेपुरतं एवढं भागतं.

पण या पट्टीच्या कितीतरी आधी, 1856 साली, विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भूवैज्ञानिक भाऊ आणि त्यांचा सहकारी थिओबाल्ड यांना ओडिशात तालचेरच्या कोळसाक्षेत्रात एक विचित्र थर दिसला. हिरवट, अगदी बारीक गाळ आणि त्यात रुतलेले भलेमोठे धोंडे. धोंडा लोटणारा लोंढा असला तर तो गाळ खाली बसू देणार नाही. गाळ बसेल इतकं संथ पाणी असलं तर ते धोंडा हलवणार नाही. मग उरतं काय? बर्फ! उष्ण कटिबंधात, सखल भागात बर्फ म्हणायचं म्हणजे हसं करून घ्यायची तयारी हवी. त्यांनी ते छापलं.

पुरावा सापडला तो आमच्याकडे. पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ (इरई नावाची नदीही आहे, हे गाव वेगळं) भूवैज्ञानिक फेडनला चुनखडकाचा घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग दिसला, त्यावर सरकत्या हिमनदीने काढावेत तसे समांतर ओरखडे आणि वर तोच धोंड्यांचा थर. त्याचं टिपण 1875 साली आलं. असे ओरखडे बघायचे तर सकाळी तिरपं ऊन असताना जावं आणि खडकावर बाटलीभर पाणी ओतावं. भर दुपारी शेजारी उभं राहूनही काही दिसत नाही. या ओरखड्यांचं वय सुमारे 30 कोटी वर्षं.

पुढे अशा धोंडे रुतलेल्या खडकाला भूवैज्ञानिक पेंकने 1906 मध्ये ‘टिलाइट’ म्हटलं, म्हणजे हिमनदीचा निवाडा नावातच देऊन टाकला. दरड आणि चिखलाचे लोंढेही असंच मिश्रण करतात हे ध्यानात आल्यावर 1960 मध्ये फ्लिंट आणि सहकाऱ्यांनी ‘डायमिक्टाइट’ हे नाव काढलं: दिसतं ते सांगा, कारण नंतर. शहाणपणाचं आहे. या थरांतले, म्हणजे तालचेर मालेतले, सगळेच धोंडे काही हिमनदीने थेट टाकलेले नाहीत, काही तरंगत्या बर्फातून सुटून पाण्यात पडलेत. तिथे मुलांनी ‘डायमिक्टाइट’ लिहिलं की मी पूर्ण गुण द्यायचो. इरईला मात्र अर्धेच.