पंख्याची पारख

पनवेलच्या दक्षिणेस, कर्नाळ्याच्या परिसरात शिरढोण हे गाव आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे झाला, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी इंग्लंडात एका निराळ्याच वादाचा निकाल लागत होता. आगबोट बाजूच्या चाकांनी चालवावी की पाण्याखालच्या पंख्याने, असा तो वाद होता. आज सहलीसाठी मोटारहोडी बाळगणारा गृहस्थ “पंखा कोणता बसवू?” असे विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर पुष्कळसे या जुन्या वादातच सापडते.

चाकांची आगबोट मुंबईला नवी नव्हती. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी येथून निघाली आणि एडनवरून सुएझला पोचली. एडनपर्यंत पुरावा म्हणून कोळसा इतका भरला होता, की तो उतारूंच्या जागेतही रचावा लागला. चाकांची अडचण येथेच होती. भार वाढला की ती खोल बुडत. कोळसा जळून बोट हलकी झाली की वर येत. पंखा नेहमी पाण्याखाली राहतो, म्हणून त्याला हा जाच कमी.

परंतु पंखा कसा असावा, हे तरी कोणाला ठाऊक होते? फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ साली लाकडी मळसूत्राचे पेटंट घेतले. त्याच्या मळसूत्राला दोन पूर्ण वेढे होते. पुढल्या वर्षी लंडनच्या कालव्यात ते आपटून निम्मे तुटले, आणि नवल असे, की होडी पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागली! मोठे ते चांगले, हा समज तेथेच बुडाला.

पुढे ब्रिटिश आरमाराने ‘रॅटलर’ जहाजावर निरनिराळ्या आकारांचे सुमारे तीस पंखे लावून पाहिले. एप्रिल १८४५ मध्ये ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ यांना पाठीला पाठ लावून दोराने बांधले, तेव्हा ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला अडीच नॉटच्या वेगाने मागे ओढत नेले. लोकांच्या लक्षात ही रस्सीखेच राहिली; पण खरे ज्ञान दिले ते त्या आधीच्या कंटाळवाण्या चाचण्यांनी.

१८८० साली वासुदेव बळवंतांना जन्मठेपेवर एडनला नेले, तोवर लांबच्या सागरी मार्गांवर पंख्याचेच राज्य झाले होते. यंत्र कोणाला कोठे नेते, याची खंत त्याला नसते. ती माणसाने वाहावयाची असते. होडीवाल्याचेही तसेच आहे. त्याच्या भरवशावर बायकामुले होडीत बसतात.

तेव्हा पंखा घेताना दोन मापे पाहावी: व्यास आणि पिच. पंखा घट्ट पदार्थात फिरला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता, तेवढे त्याचे पिच. १४ इंच पिचचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर हिशोबाने तासाला सुमारे २० मैल होतात. पाणी मात्र निसटते. पाचवा हिस्सा निसटला तर १६ मैलच पदरी पडतात.

खरी परीक्षा एकच. नेहमीइतकी माणसे व सामान घेऊन इंजिन पूर्ण सोडावे आणि फेरे मोजावे. ते कारखानदाराने सांगितलेल्या मर्यादेत पडले पाहिजेत. कमी पडले तर पिच जास्त आहे; इंजिन रखडते, डिझेलचे असेल तर काळा धूर ओकते आणि अकाली झिजते. मर्यादेबाहेर गेले तर पिच कमी आहे. बाहेर बसवायच्या इंजिनांत पिच एक इंचाने बदलले, की साधारण दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. तीन पात्यांचा पंखा वेगाला बरा. चार पात्यांचा भार घेऊन उठायला बरा व कमी हादरणारा.

पनवेलच्या खाडीसारख्या गाळाच्या, ओहोटीला उथळ होणाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचा पंखा वाकतो, पण स्वस्तात बदलता येतो. पोलादी पंखा टिकतो खरा. पण खडकाला लागला तर तो धक्का आत दांड्यापर्यंत आणि दातेरी चाकांपर्यंत पोचवतो.

शेजाऱ्याच्या होडीला शोभला म्हणून तोच पंखा आपल्या होडीला लावू नये. आरमाराला तीस वेळा पारख करावी लागली. आपण निदान दोन पंखे, भरल्या होडीने, आपल्याच खाडीत चालवून पाहावे.